क्लाउड स्टोरेजसाठी हेल्थ चेक : काय तपासावे, कुठे जोडावे आणि कुठे जोडू नये

ॲप्लिकेशन चालू आहे की नाही एवढे सांगणारा एंडपॉइंट, म्हणजे विचारणा करण्याचा पत्ता, बहुतेक प्रकल्पांत असतो. परंतु ते ज्या क्लाउड स्टोरेजवर फाइली ठेवते तिथपर्यंत ते पोहोचू शकते का, हे सांगणारी सोय, म्हणजे स्टोरेजचा हेल्थ चेक, पुष्कळदा पहिला मोठा बिघाड होऊन गेल्यावरच जोडली जाते. ती आधीच आणि नीट कशी जोडावी, हे या लेखात पाहू. उदाहरण म्हणून विमादाव्यांची कागदपत्रे स्वीकारणारे एक ॲप्लिकेशन घेऊ. वापरकर्ता बिलांच्या पीडीएफ फाइली आणि छायाचित्रे अपलोड करतो, ॲप्लिकेशन ती ॲमेझॉन एस३ च्या बकेटमध्ये किंवा मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर ब्लॉब स्टोरेजच्या कंटेनरमध्ये (दोन्ही म्हणजे फाइली ठेवण्याचे कप्पे) ठेवते, त्यांची नोंद डेटाबेसमध्ये करते आणि नंतर दावा तपासणारा कर्मचारी ती उघडून पाहतो. हे ॲप्लिकेशन एएसपी डॉटनेट कोअरमध्ये लिहिलेले असून कुबरनेटीसवर (ॲप्लिकेशन चालवणारी आणि सांभाळणारी यंत्रणा) दहा पॉडमध्ये, म्हणजे एकसारख्या दहा प्रतींत, चालते, असे समजू. स्प्रिंग बूट किंवा पायथन वापरणाऱ्यांना नावे बदलून हीच पद्धत वापरता येईल.

उत्तर कोण वाचणार, हे आधी ठरवा

हेल्थ चेकचा कोड लिहिणे हे या कामातील सोपे अंग आहे. त्या चेकच्या उत्तरावर कोणती यंत्रणा काय कारवाई करणार आहे, हे ठरवणे अवघड असते आणि नेमके तेच घाईत राहून जाते. कुबरनेटीस तीन प्रकारे विचारणा करते; अशा विचारणेला प्रोब म्हणतात. येथे कंटेनर म्हणजे पॉडमध्ये चालणारे ॲप्लिकेशन, ॲझ्युअरचा कप्पा नव्हे. लाइव्हनेस प्रोब सलग अपयशी ठरला, तर कंटेनर बंद करून पुन्हा सुरू केला जातो. रेडिनेस प्रोब अपयशी ठरला, तर पॉड चालूच राहतो, पण सर्व्हिसकडून, म्हणजे पॉडमध्ये विनंत्या वाटणाऱ्या भागाकडून, त्याच्याकडे येणाऱ्या विनंत्या थांबतात. स्टार्टअप प्रोब यशस्वी होईपर्यंत उरलेले दोन्ही प्रोब सुरूच होत नाहीत. वेगळे काही सांगितले नसेल, तर दर १० सेकंदांनी विचारणा होते, उत्तरासाठी अवघा १ सेकंद मिळतो आणि सलग ३ अपयशांनंतर कारवाई होते.

आता २८ फेब्रुवारी २०१७ ची घटना आठवून पाहा. उत्तर व्हर्जिनियातील एस३ च्या बिलिंग प्रणालीतील मंदपणाचे कारण शोधत असताना थोडे सर्व्हर काढण्यासाठी दिलेल्या आज्ञेत एक इनपुट चुकीचे गेले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले. त्यामुळे एस३ च्या दोन मूलभूत उपप्रणाली पूर्णपणे पुन्हा सुरू कराव्या लागल्या आणि सेवा पूर्ववत होण्यास चार तासांहून अधिक काळ गेला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील आणखी एक तपशील महत्त्वाचा आहे. एडब्ल्यूएसचा, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा, स्वतःचा सेवास्थिती फलक चालवणारी यंत्रणा एस३ वरच अवलंबून होती. त्यामुळे पहिले सुमारे दोन तास त्या फलकावर सेवांची खरी स्थिती दाखवताच आली नाही आणि ग्राहकांना ट्विटरवरून आणि फलकावरील पट्टीतून माहिती द्यावी लागली. आपला हेल्थ चेक, त्याचे निकाल साठवण्याची जागा आणि अलर्ट पाठवणारी यंत्रणा या तिन्ही गोष्टी, ज्याची तपासणी चालली आहे त्याच स्टोरेजवर उभ्या नाहीत ना, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवावे.

अशा दिवशी आपल्या विमादाव्यांच्या ॲप्लिकेशनच्या लाइव्हनेस प्रोबमध्ये एस३ ची तपासणी असती तर काय झाले असते, याचा हिशेब सोपा आहे. तिसऱ्या अपयशानंतर, म्हणजे साधारण अर्ध्या मिनिटात, सर्व पॉड मारले गेले असते. पुन्हा सुरू झालेल्या पॉडलाही एस३ सापडले नसते आणि प्रत्येक पुनरारंभामागे कुबरनेटीसने थांबण्याचा काळ १० सेकंद, २० सेकंद, ४० सेकंद असा वाढवत ५ मिनिटांपर्यंत नेला असता. केवळ डेटाबेसवर चालणारी कामे, म्हणजे लॉगिन, दाव्याची स्थिती पाहणे, जुन्या नोंदी शोधणे, हीसुद्धा या काळात बंद पडली असती. शिवाय एस३ सुरू झाल्यानंतरही काही पॉड आपल्या थांबण्याची मिनिटे मोजत बसले असते. ज्या बिघाडात कंटेनर पुन्हा सुरू केल्याने तसूभरही फरक पडणार नाही, तो बिघाड लाइव्हनेस प्रोबला कळवण्यात काहीच अर्थ नाही. म्हणून लाइव्हनेसमध्ये स्टोरेजची तपासणी कधीही घालू नये. या नियमाला अपवाद असावा असे मला वाटत नाही.

रेडिनेसचा प्रश्न थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. दहाही पॉड एकाच बकेटवर अवलंबून असल्यामुळे बकेट बंद पडली की दहाही एकाच वेळी नापास होतात, सर्व्हिसमागे एकही पॉड उरत नाही, आणि वापरकर्त्याला ‘अपलोड तात्पुरते बंद आहे, दाव्याची माहिती मात्र पाहता येईल’ या समजण्याजोग्या संदेशाऐवजी ५०३ चे (सेवा उपलब्ध नाही) कोरडे पान दिसते. एडब्ल्यूएसचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (सर्व्हरांमध्ये विनंत्या वाटणारी सेवा) सर्वच लक्ष्ये नापास झाल्यास सर्वांकडे विनंत्या पाठवत राहतो. कुबरनेटीसची सर्व्हिस तशी उदार नाही. म्हणून स्टोरेजची तपासणी रेडिनेसमध्ये दोनच परिस्थितींत घालावी : त्या पॉडला स्टोरेजशिवाय काहीही काम करता येत नसेल, किंवा तो नापास झाल्यावर वाहतूक वळवण्यासाठी दुसऱ्या प्रदेशात वेगळ्या स्टोरेजसह तयार संच उभा असेल, तर. मुंबई प्रदेशातील संच हैदराबादला वळवण्याची सोय खरोखर केलेली असेल, तर रेडिनेस नापास होण्याला अर्थ आहे. तशी सोय नसताना नापास होणे म्हणजे अर्धा बिघाड पूर्ण करणे होय.

बहुतेक ॲप्लिकेशनना त्यामुळे तीन वेगळे पत्ते लागतात. पहिला ‘हेल्थ/लाइव्ह’, जो प्रक्रिया उत्तर देते एवढेच सांगतो. दुसरा ‘हेल्थ/रेडी’, जो या विशिष्ट पॉडला विनंत्या घेता येतील का, ते सांगतो. तिसरा ‘हेल्थ/डिपेंडन्सी’, ज्यात स्टोरेज, रांगा, बाहेरील एपीआय यांची स्थिती असते आणि जो प्रोबला न जोडता देखरेख करणाऱ्या यंत्रणेला आणि रात्री जागणाऱ्या माणसाला दिलेला असतो.

नेमके काय तपासावे

‘स्टोरेज चालू आहे का’ हा प्रश्न क्लाउड कंपनीने स्वतःला विचारावा असा आहे. आपण विचारायचा प्रश्न असा : माझे ॲप्लिकेशन, त्याच्याजवळ आज असलेल्या ओळखीने आणि परवानग्यांनी, त्याला लागणाऱ्या बकेटमध्ये त्याला करायची असलेली क्रिया करू शकते का? या प्रश्नातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे, कारण प्रत्यक्षात स्टोरेज सेवा संपूर्ण बंद पडण्याचे प्रसंग विरळ असतात. मुदत संपलेले टोकन, बदललेली धोरणे, चुकीच्या वातावरणाचे कॉन्फिगरेशन आणि बंद केलेली एन्क्रिप्शनची किल्ली यांमुळे होणारे बिघाड कितीतरी अधिक असतात.

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे बकेटवर हेड विनंती, म्हणजे मजकूर न मागता केवळ स्थिती विचारणारी विनंती, पाठवणे. एस३ मध्ये तिला ‘लिस्टबकेट’ ही परवानगी लागते. बकेट नसेल तर ४०४, परवानगी नसेल तर ४०३ आणि प्रदेश चुकला असेल तर ३०१ मिळते. येथे एक अडचण अशी की हेड विनंतीच्या उत्तरात मजकूर नसतो, त्यामुळे ४०३ चे नेमके कारण कळत नाही. सर्व्हरचे घड्याळ १५ मिनिटांहून अधिक मागेपुढे झाले असले तरी एस३ ४०३ च देते आणि केवळ हेड विनंतीवरून हा बिघाड परवानगीच्या बिघाडाहून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून हेड विनंतीला ४०३ आल्यास लगेच एक साधी गेट (मजकूर मागणारी) विनंती करून तिच्या उत्तरातील त्रुटीचे नाव लॉगमध्ये लिहावे. पहाटे फोन आलेल्या माणसाचा अर्धा तास त्यामुळे वाचतो.

दुसरी अडचण परवानग्यांची आहे. आपल्या ॲप्लिकेशनला फाइल वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी असून बकेटमधील यादी पाहण्याची परवानगी मुद्दामच दिलेली नसेल, तर बकेटवरील हेड विनंती ४०३ देत राहील आणि सर्व काही सुरळीत असताना चेक लाल दिसेल. अशा वेळी केवळ चेक हिरवा व्हावा म्हणून परवानगी वाढवून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. त्याऐवजी बकेटमध्ये एक छोटी, कायमची खूणफाइल ठेवून तीच वाचावी. एवढे ध्यानात असू द्यावे, की यादीची परवानगी नसताना अस्तित्वात नसलेल्या फाइलसाठीही एस३ ४०४ ऐवजी ४०३ देते. म्हणजे कुणी खूणफाइल चुकून पुसली, तर ती परवानगीची त्रुटी भासेल.

ॲझ्युअरमध्येही हाच पेच वेगळ्या रूपात येतो. ब्लॉब सेवेचे गुणधर्म विचारणारी विनंती ही तपासणीसाठी अगदी स्वाभाविक वाटते; परंतु ‘स्टोरेज ब्लॉब डेटा कॉन्ट्रिब्युटर’ ही नेहमी दिली जाणारी भूमिका, म्हणजे परवानग्यांचा संच, केवळ डेटापुरती असते आणि तेवढ्यावर ती विनंती चालत नाही. गिटहबवरील झॅबारिल या मुक्तस्रोत संग्रहातील तयार हेल्थ चेकमध्ये याच कारणासाठी गुणधर्म विचारण्याऐवजी कंटेनरांच्या यादीतील पहिली नोंद मागवली जाते, आणि कंटेनरचे नाव दिले असेल तर त्या कंटेनरचे गुणधर्म पाहिले जातात. ते नाव नेहमी द्यावे. खाते पोहोचण्याजोगे आहे आणि कंटेनर मात्र पुसला गेला आहे, हा प्रकार त्याशिवाय पकडला जात नाही. गूगल क्लाउड स्टोरेजमध्ये ‘स्टोरेज ऑब्जेक्ट व्ह्यूअर’ या भूमिकेत बकेटची माहिती पाहण्याची परवानगी नसते, तेव्हा तिथेही खूणफाइल वाचणेच श्रेयस्कर.

खूणफाइल वाचण्याचा आणखी एक लाभ एन्क्रिप्शनच्या बाबतीत आहे. बकेटवरील हेड विनंती केएमएसच्या (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी एडब्ल्यूएसची सेवा) किल्लीपर्यंत जातच नाही. किल्ली बंद केली गेली किंवा तिच्या धोरणातून आपली भूमिका काढली गेली, तर बकेट पूर्वीसारखीच उत्तर देते आणि फाइल मात्र उघडत नाही. खूणफाइल त्याच किल्लीने एन्क्रिप्ट केलेली असेल आणि चेक ती प्रत्यक्ष वाचत असेल, तरच हे कळते.

लिहिण्याची तपासणी करावी का? विमादाव्यांच्या ॲप्लिकेशनमध्ये लिहिणे हेच मुख्य काम आहे, म्हणून करावी; मात्र ती विरळ करावी, दर पाच किंवा दहा मिनिटांनी आणि सर्व पॉडऐवजी एकाच ठिकाणाहून. तिचे दुष्परिणाम अनपेक्षित ठिकाणी दिसतात. बकेटवर व्हर्जनिंग चालू असेल तर एकाच नावाने लिहिलेल्या प्रत्येक फाइलची जुनी आवृत्ती मागे राहते. ऑब्जेक्ट लॉक असेल तर त्या आवृत्त्या मुदत संपेपर्यंत पुसताही येत नाहीत. गूगलकडे एकाच नावाच्या ऑब्जेक्टवर साधारण सेकंदाला एकच लेखन करता येते. तेव्हा दहा पॉड एकाच नावाने लिहू लागले, तर चेक स्वतःच ४२९ (विनंत्या फार झाल्या) ओढवून घेईल. सर्वांत त्रासदायक भाग म्हणजे नवी फाइल आली की विषाणूतपासणी किंवा छोटी प्रतिमा बनवणे सुरू करणारी सूचना. ती या खोट्या फाइलीसाठीही सुटते. एस३ च्या सूचनांमध्ये ‘अमुक उपसर्ग (फाइलच्या नावाची सुरुवात) वगळा’ असे सांगता येत नाही, केवळ ‘अमुक उपसर्गासाठीच पाठवा’ असे सांगता येते. म्हणून खऱ्या फाइली ‘दावे/’ या उपसर्गाखाली आणि तपासणीच्या फाइली ‘हेल्थ/’ या उपसर्गाखाली, अशी विभागणी आरंभापासून ठेवावी. तपासणीची फाइल पुसण्यासाठी ॲप्लिकेशनला पुसण्याची परवानगी देऊ नये. एका दिवसानंतर ‘हेल्थ/’ खालील फाइली आणि त्यांच्या जुन्या आवृत्त्या काढून टाकणारा लाइफसायकल नियम लावला की काम भागते.

ब्राउझर आधीच सही केलेल्या यूआरएलने थेट बकेटमध्ये फाइल चढवत असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. असा यूआरएल तयार करणे ही निव्वळ स्थानिक आकडेमोड असते. नेटवर्कवर काहीच जात नाही. परवानगी नसतानाही यूआरएल तयार होतो, आणि तो वापरला की मगच नकार मिळतो. म्हणून ‘यूआरएल तयार झाला’ ही तपासणी निरुपयोगी आहे. उलट, सर्व्हर खासगी व्हीपीसी एंडपॉइंटमधून, म्हणजे क्लाउडमधील खासगी वाटेने, बकेटपर्यंत जात असेल आणि वापरकर्ता सार्वजनिक इंटरनेटवरून, तर सर्व्हरवरील चेक हिरवा असूनही वापरकर्त्याचे अपलोड अडू शकते. हा भाग बाहेरून चालवलेल्या कृत्रिम चाचणीवर सोपवावा. ॲप्लिकेशनच्या आतील चेककडून ती अपेक्षा ठेवू नये.

प्रत्यक्ष जोडणी

एएसपी डॉटनेट कोअरमध्ये २.२ या आवृत्तीपासून हेल्थ चेकची यंत्रणा अंगभूत आहे. सेवांच्या नोंदणीत ‘ॲडहेल्थचेक्स’ बोलवावे आणि त्याला आपला चेक जोडावा. चेक म्हणजे ‘आयहेल्थचेक’ या इंटरफेसची एकच पद्धत अंमलात आणणारा वर्ग. ती पद्धत हेल्दी, डिग्रेडेड किंवा अनहेल्दी यांपैकी एक निकाल देते. तयार पॅकेज वापरले तर हा वर्ग लिहावा लागत नाही. पण खूणफाइल वाचण्यासारखी तपासणी स्वतः लिहिणेच बरे, कारण ती पंधरावीस ओळींत होते आणि तिचे वर्तन आपल्या हाती राहते.

नोंदणी करताना चार गोष्टी द्याव्यात : ओळखता येईल असे नाव, जसे ‘दावे-बकेट-वाचन’, अपयश आल्यास कोणता निकाल धरावा, टाइमआउट, आणि टॅग. टॅगवरच पुढची विभागणी अवलंबून आहे. ‘मॅपहेल्थचेक्स’ने पत्ता जोडताना प्रेडिकेट, म्हणजे कोणते चेक चालवायचे ते ठरवणारी अट, देता येते. ‘हेल्थ/लाइव्ह’साठी ते नेहमी ‘नाही’ असे उत्तर देणारे ठेवावे. तेव्हा एकही चेक चालत नाही आणि प्रक्रिया जिवंत असेल तर हेल्दी एवढेच उत्तर जाते. ‘हेल्थ/डिपेंडन्सी’साठी ‘स्टोरेज’ हा टॅग असलेले चेक निवडावेत. प्रेडिकेट दिलेच नाही, तर नोंदवलेला प्रत्येक चेक त्या पत्त्यावर चालतो. आज लाइव्हनेसला जोडलेला निरुपद्रवी पत्ता उद्या सहकाऱ्याने नवा चेक नोंदवला की धोकादायक होतो, तो या मार्गाने.

अपयशाच्या निकालाबाबत एक बारकावा आहे. चेकमधून अपवाद (एक्सेप्शन) बाहेर पडला किंवा टाइमआउट झाला, तर नोंदणीत दिलेला निकाल आपोआप लागू होतो. पण आपल्या कोडने अपवाद पकडून स्वतः ‘अनहेल्दी’ परत केले, तर तोच निकाल अंतिम राहतो आणि नोंदणीतील इच्छा दुर्लक्षित होते. म्हणून कोडमध्ये निकाल परत करताना संदर्भवस्तूतील नोंदणीचा ‘फेल्युअरस्टेटस’ वापरावा. हेल्दी आणि डिग्रेडेड या दोन्हींसाठी २०० आणि अनहेल्दीसाठी ५०३ हा एचटीटीपी संकेत मूळ व्यवस्थेतच ठरलेला आहे, आणि तो बदलण्याची गरज सहसा पडत नाही. आपल्या उदाहरणात वाचन अपयशी ठरल्यास अनहेल्दी धरावे. लेखन अपयशी ठरले, पण कागदपत्रे तात्पुरती रांगेत ठेवण्याची सोय असेल, तर डिग्रेडेड धरावे.

स्प्रिंग बूटमध्ये याच कामासाठी ‘हेल्थइंडिकेटर’ लिहिला जातो. २.३ या आवृत्तीपासून तिथे लाइव्हनेस आणि रेडिनेस असे गट मिळतात, आणि बाहेरच्या सेवांचे इंडिकेटर त्या गटांत आपोआप शिरत नाहीत. जाणीवपूर्वक घालावे लागतात. ही मूळ व्यवस्था शहाणपणाची आहे, ती मोडू नये.

टाइमआउट आणि पुनःप्रयत्न

क्लाउडच्या एसडीकेचे (सेवा वापरण्यासाठी कंपनीने दिलेला तयार कोड) मूळ टाइमआउट मोठ्या फाइलींच्या हस्तांतराला साजेसे असतात. तपासणीला ते मुळीच साजेसे नसतात. पायथनच्या बोटो३ मध्ये जोडणीसाठी ६० सेकंद आणि वाचनासाठी ६० सेकंद थांबले जाते आणि जुन्या पद्धतीत एकूण पाच प्रयत्न होतात. ॲझ्युअरच्या डॉटनेट एसडीकेमध्ये एका प्रयत्नाला १०० सेकंदांपर्यंत मुभा असून पहिल्या प्रयत्नानंतर आणखी तीन प्रयत्न होतात. म्हणजे नेटवर्क पॅकेट गिळून टाकत असेल तर एक चेक पाच-सहा मिनिटे लटकू शकतो आणि त्या अवधीत कुबरनेटीस १ सेकंदाच्या टाइमआउटने पुन्हा पुन्हा विचारत राहते. प्रत्येक विचारणा नवा लटकलेला चेक जन्माला घालते.

म्हणून तपासणीसाठी एसडीकेचा वेगळा क्लायंट बनवावा. त्याची ओळख आणि एंडपॉइंट मुख्य क्लायंटचेच असावेत. जोडणीचा टाइमआउट एक सेकंद, एकूण टाइमआउट दोन-तीन सेकंद आणि पुनःप्रयत्न शून्य किंवा फार तर एक असावा. वेगळ्या ओळखीने केलेली तपासणी मात्र जवळजवळ निरर्थक असते, कारण ती दुसऱ्याच कुणाच्या परवानग्या तपासते. डॉटनेटमध्ये नोंदणीतील टाइमआउट केवळ कॅन्सलेशन टोकनद्वारे थांबण्याचा इशारा देतो. ते टोकन आपण एसडीकेच्या विनंतीपर्यंत पोहोचवले नाही, तर टाइमआउट असूनही चेक चालतच राहतो.

निकाल साठवणे, पण शिळा होऊ न देणे

एंडपॉइंटवर विचारणा झाली की चेक त्याच क्षणी चालवला जातो, ही मूळ व्यवस्था आहे. दहा पॉड, दर १० सेकंदांनी एक विचारणा, म्हणजे दिवसाला ८६,४०० आणि तीस दिवसांत २५,९२,००० विनंत्या होतात. उत्तर व्हर्जिनियातील एस३ स्टँडर्डच्या हजारी दराने, म्हणजे यादीसाठी ०.००५ डॉलर आणि गेट किंवा हेडसाठी ०.०००४ डॉलर धरून, यादी मागणाऱ्या चेकचे सुमारे १३ डॉलर होतात आणि हेड विनंतीचे सुमारे १ डॉलर. पैशांपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे : बिघाडाच्या वेळी, स्टोरेज ५०३ देऊन ‘हळू या’ असे सांगत असताना, आपले चेक त्याच्यावर आणखी भार टाकत राहतात.

त्यापेक्षा तपासणी पार्श्वभूमीत, दर ३० सेकंदांनी, थोडा यादृच्छिक विलंब मिसळून चालवावी आणि एंडपॉइंटने साठवलेला ताजा निकाल तेवढा द्यावा. डॉटनेटमध्ये ‘आयहेल्थचेकपब्लिशर’ हेच करतो. तो सुरुवातीला ५ सेकंद थांबतो आणि पुढे दर ३० सेकंदांनी चालतो, आणि डॉटनेट ८ पासून प्रत्येक चेकचा कालावधी वेगळा ठरवता येतो. निकालासोबत तो कधीचा आहे ही वेळ अवश्य साठवावी. पार्श्वभूमीतील काम एखाद्या अपवादाने मरून गेले, तर शेवटचा ‘हेल्दी’ निकाल अनंतकाळ दिला जाईल, आणि असा चेक नसलेल्या चेकपेक्षा वाईट असतो. या दर ३० सेकंदांच्या तपासणीचा निकाल दोन मिनिटांपेक्षा जुना झाला की एंडपॉइंटने डिग्रेडेड सांगावे आणि कारणात ‘तपासणी थांबली आहे’ असे लिहावे.

एका अपयशावर निकाल पालटू नये. सलग तीन अपयशांनंतर अनहेल्दी आणि सलग दोन यशांनंतर पुन्हा हेल्दी, असा नियम पुरेसा आहे. याच्या जोडीला प्रत्यक्ष विनंत्यांची आकडेवारी ठेवावी : गेल्या पाच मिनिटांत ॲप्लिकेशनने केलेल्या अपलोडपैकी किती अयशस्वी ठरले. कृत्रिम तपासणी रात्री तीन वाजता, खरी वर्दळ नसताना उपयोगी पडते. दिवसा मात्र खऱ्या अपलोडचा आकडा नेहमी अधिक बोलका असतो, आणि मुख्य क्लायंटचा कनेक्शन पूल (पुन्हा वापरायच्या जोडण्यांचा साठा) संपल्यासारखे बिघाड वेगळ्या क्लायंटला दिसतच नाहीत, ते या आकड्यातूनच कळतात.

याच पार्श्वभूमीतील कामात एक छोटी भर घालता येते. ॲझ्युअरचा एसएएस टोकन (ठरावीक मुदतीपुरती परवानगी देणारी सही) वापरत असाल, तर त्याची मुदत त्याच्या मजकुरातच लिहिलेली असते. ती वाचून मुदत संपण्याच्या सात दिवस आधीपासून डिग्रेडेड निकाल द्यावा. बिघाड होण्याआधी सांगणारा हा बहुधा एकमेव चेक असेल.

बाहेर काय दिसू द्यावे

मूळ उत्तर केवळ ‘हेल्दी’ एवढा एक शब्द असतो, आणि बाहेरून दिसणाऱ्या पत्त्यावर तो पुरेसा आहे. सविस्तर जेसन उत्तर, म्हणजे कोणता चेक, किती मिलिसेकंद, कोणती त्रुटी, हे वेगळ्या अंतर्गत पोर्टवर किंवा लॉगिनमागे ठेवावे. एसडीकेच्या त्रुटींच्या मजकुरात खात्याचे नाव, बकेटचा पत्ता आणि कधी कधी भूमिकेची संपूर्ण ओळख येते. ती जशीच्या तशी उत्तरात घालू नये.

चेकचीच चाचणी

नवा चेक हिरवा दिसला म्हणून तो बरोबर आहे असे सिद्ध होत नाही; तो लाल होऊ शकतो, हे पाहावे लागते. मिनआयओ हे एस३ शी सुसंगत स्टोरेज आणि ॲझ्युराइट हे ॲझ्युअरचे एम्युलेटर (स्थानिक नक्कल) कंटेनरमध्ये चालवता येतात, आणि बहुतेक चाचण्या त्यांच्यावर होतात. कंटेनर थांबवून जोडणी नाकारली जाण्याचा प्रसंग तपासावा. टॉक्सीप्रॉक्सीसारख्या साधनाने तीस सेकंदांचा विलंब घालून टाइमआउट खरोखर लागू होतो का ते पाहावे, कारण जोडणी नाकारली जाणे आणि जोडणी लटकणे हे अगदी वेगळे प्रसंग आहेत आणि बहुतेक चेक दुसऱ्यात फसतात. परवानग्यांची चाचणी मात्र एम्युलेटरवर भागत नाही. त्यासाठी चाचणीच्या खऱ्या खात्यात भूमिका काढून, खूणफाइल पुसून आणि केएमएसची किल्ली बंद करून पाहावे. भूमिका काढल्याचा परिणाम दिसायला काही मिनिटे लागू शकतात, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नये. प्रत्येक प्रसंगी तीन नोंदी कराव्यात : ‘हेल्थ/डिपेंडन्सी’ किती वेळात लाल झाला, लॉगमध्ये लिहिलेले कारण खऱ्या कारणाशी जुळते का, आणि त्या संपूर्ण काळात कुबरनेटीसने मोजलेल्या पॉडच्या पुनरारंभांची संख्या शून्यच राहिली का.